सभागृहाने डोळे मिटून श्रवण केले

दुपारी जेवण झालं, पंख्याखाली अंग टाकलं आणि डोळा लागायच्या बेतात असला की मला अजून एक आवाज ऐकू येतो. "विषय क्रमांक एक. मागील सभेचे इतिवृत्त वाचून काऽयम करणे." 'कायम'मधला 'का' लांबवलेला, आणि 'करणे' अगदी हळू, भरलेली घागर ओट्यावर ठेवावी तसं ठेवलेलं. मग मी उठून बसते. त्या आवाजात झोपायचं नाही, एवढी एक अक्कल मला राजकारणानं दिली. बाकी काही दिलं नाही.

तो आवाज गफूरचाचांचा. शेख गफूर शेख चांद, आमच्या नगर परिषदेचे सभा लिपिक. गाव अकोला आणि अमरावतीच्या मधात कुठंतरी आहे, एवढंच सांगते. नाव सांगितलं तर चार जण भांडायला येतील, आणि चारही माझ्या सोयऱ्यातले निघतील.

मी एकदा नगरसेविका होते. कशी झाले तेही ऐका. यजमान दोन वर्षं वॉर्डात लग्नं, बारशी, तेरव्या करत फिरले, आणि आरक्षणाच्या सोडतीत वॉर्ड बायकांसाठी राखीव निघाला. त्यांचं तोंड असं उतरलं की घरात आठ दिवस कोणी भाजीत मीठ कमी आहे म्हणायची हिंमत केली नाही. मग पोस्टरवर त्यांचा फोटो मोठा, माझा लहान, डोक्यावर पदर. मी निवडून आले. पहिल्या सभेला हे माझ्यासोबत कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि हजेरीच्या वहीवर सही करायला सरळ पेन उचललं.

वहीवर एक हात येऊन पडला. लांब, वाळकी बोटं, नखांत शाई. मी वर पाहिलं तर उंच, काडीसारखा माणूस. गळ्यापर्यंत बटण लावलेला पांढरा शर्ट, डोक्यावर जाळीची टोपी, चष्म्याच्या दांडीला काळा दोरा.

"भाऊ," ते म्हणाले, "हे खुर्ची 'सौ.'ची हाये. तुमी बसान तं मले 'श्री.' लिहा लागन. अन् 'श्री.'ची जागा सोडतीत निंगालीच नाई. मी का करू सांगा?"

हे हसले. चाचा हसले नाहीत. हात वहीवरून हलला नाही. शेवटी हे बाहेर कडुनिंबाखाली जाऊन बसले, आणि मी सही केली. माझी सही मुळातच वाकडी, त्या दिवशी तर ती वहीच्या रेषेवरून उतरून खालच्या सदस्याच्या घरात गेली. चाचांनी टिपकागद ठेवला आणि हळूच म्हणाले, "चांगली हाये. आपली सई आपल्यासारखीच पायजे."

त्या क्षणापासून तो माणूस मला आवडला, सरळ सांगते. बापाच्या घरून निघाल्यावर पहिल्यांदा कोणी माझ्या कुठल्या गोष्टीला 'चांगली' म्हणालं होतं.

सभागृहात चाचा चपला बाहेर काढून यायचे. सगळे बूट वाजवत आत येत, हे अनवाणी. विचारलं तर म्हणत, "गाव बसून राहते ना जी अठी." सभेच्या दिवशी सकाळी दोन्ही कूलरना नवा वाळा लावून घेत, माठात पाणी भरून घेत, आणि प्रत्येक टेबलावरची नावाची पाटी आपल्या रुमालानं पुसत. अध्यक्षांचीही तेवढीच, माझीही तेवढीच. मग ज्येष्ठमधाचा तुकडा गालात धरून ते कोपऱ्यातल्या स्टुलावर बसत आणि लाल कापडाची वही उघडत.

आणि वाचायला लागत.

काय सांगू तुम्हाला ते वाचन! बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीसचं ऊन, खिडकीच्या पडद्यातून आलेला पिवळा उजेड, ओल्या वाळ्याचा वास, कूलरची घरघर, आणि त्यावर तरंगत चाललेला तो आवाज. "सदर विषयावर सन्माननीय सदस्यांनी साधकबाधक चर्चा केली... चर्चेअंती असे ठरले की..." दुसऱ्या विषयापर्यंत मागची रांग जात असे. तिसऱ्याला उपाध्यक्षांची हनुवटी छातीला लागे. चौथ्याला अध्यक्षसाहेब हाताचा आधार गालाला देत आणि अंगठीचा ठसा गालावर उमटेपर्यंत हलत नसत. मी झोपत नव्हते, कारण मला झोपायची भीती वाटायची. 'बाई सभेत झोपली' हे गावभर झालं असतं; बाप्ये घोरले तरी कोणी बोलत नाही. मग मी ऐकत बसे, आणि ऐकता ऐकता मला जागेपणी स्वप्न पडल्यासारखं होई. आमच्या गावच्या नाल्या, खांब, कोंडवाडा, बंद पडलेले नळ सगळे त्या आवाजात धुतल्यासारखे होऊन समोरून जात. वाटे, असं गाव खरंच कुठंतरी असेल, जिथं लोक 'साधकबाधक चर्चा' करतात.

कारण खरी चर्चा मी ऐकलेली असायची. एकदा एका सदस्यानं टेबलावर मूठ आपटून अध्यक्षांना विचारलं होतं, "तुह्या बापाचं गाव हाये का बे?" पुढच्या सभेत चाचांनी वाचलं, "सन्माननीय सदस्यांनी गावाच्या मालकीसंदर्भात अध्यक्ष महोदयांच्या वडिलांबाबत विचारणा केली. त्यावर अध्यक्ष महोदयांनी तसे नसल्याचे सांगितले."

मी तोंडात पदर कोंबला. बाहेर आल्यावर म्हटलं, "चाचा, काहो हे?"

"का? चुकलं का?" ते खरंच घाबरले. "इचारलं होतं ना त्यानं? साहेबानं 'नाई' म्हनलं होतं ना?"

हा माणूस चेष्टा करत नव्हता. तोंडानं आमच्यासारखंच वऱ्हाडी बोलायचा, घरी बायकोशी हिंदीत, आणि पेन हातात घेतलं की ही अशी धुतल्या तांदळासारखी मराठी. पण झालं नाही ते त्यांच्या वहीत कधी आलं नाही, आणि झालं ते सुटलं नाही. हा त्यांचा एकच धर्म होता म्हटलं तरी चालेल. दुसरा ते पाच वेळा करतच.

त्यात कोरी जागा ही तर त्यांची वैरीण. आमच्याकडे सभेच्या शेवटी 'ऐनवेळचे विषय' असतात. अध्यक्षांच्या परवानगीनं आयत्या वेळी कोणी काही मांडायचं. त्या नावाखाली वहीत अर्धं पान कोरं सोडायचं आणि सभा झाल्यावर निवांत घरी बसून हवा तो ठराव त्यात घालायचा, ही जुनी रीत. अध्यक्षसाहेबांनी माझ्यासमोर चाचांना सांगितलं, "गफूरभाई, शेवटी उलशीक जागा ठेवत जा."

चाचांनी त्यांच्या देखतच शेवटच्या ओळीपासून पानाच्या टोकापर्यंत तिरपी रेघ ओढली. "साहेब, कोरी जागा ठेवली तं तिच्यात साप शिरते," म्हणाले, आणि पेनाचं टोपण लावलं. साहेबांची मुद्रा पाहण्यासारखी झाली होती. बदली करायची म्हटली तर सभा लिपिकाचं काम दुसऱ्या कोणाला येत नव्हतं. रेघ तशीच राहिली.

सभा संपली की चाचा चपला घालून बाहेर येत, तडक कडुनिंबांखाली. नगर परिषदेच्या भिंतीला लागून सात कडुनिंब आहेत, आणि त्यांच्या सावलीत भाजीवाल्या, फुलंवाल्या बसतात. सगळ्यांत मोऱ्हं, म्हणजे पुढं, शेवंताबाई, मेथी, सांबार (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) आणि मोगऱ्याचे गजरे घेऊन. तिची सासू तिथंच बसायची, सासूची सासूही. चाचा तिच्याजवळ पोत्यावर बसत, सांबाराची जुडी घेत आणि सभेत काय झालं ते सगळ्या बायांना सांगत. "कागदावर आलं म्हनजे झालं नाई, ताई. गावात आलं पायजे," हे त्यांचं नेहमीचं. बाया मेथी निवडत ऐकत. शेवंताबाई अधूनमधून म्हणे, "मंग? आमचं का ठरलं?" चाचा म्हणत, "तुमचं काही निंगालं नाई आज." "नाई निंगालं तेच बरं वो माय," ती म्हणे.

एक दिवस निघालं. म्हणजे अजून कागदावर नव्हतं, पण हवेत होतं. त्या सात कडुनिंबांच्या जागेवर गाळे काढायचे, खाली दुकानं, वर हॉल. बाया उठवायच्या, त्यांना गावाबाहेर कोंडवाड्यामागं बसवायचं. कोंडवाड्यामागं गिऱ्हाईक तर सोडा, कुत्रं फिरकत नाही. यजमानांना बाहेरून कळलं होतं, त्यांनी मला सांगितलं आणि वर म्हणाले, "तू गप राह्यजो." झालं! 'गप राह्य' म्हटल्यावर माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती गेलीच. मी ठरवलं, ऐनवेळच्या विषयात बोलायचं. गाळ्यांचा ठराव यायच्या आधी आपला ठराव आला पाहिजे, की ही जागा बायांकडून काढून घेऊ नये.

त्या वेळेपर्यंत मी सभेत एक वाक्य बोलले नव्हते. आरशासमोर बोलून पाहिलं, चुलीसमोर बोलून पाहिलं. सभेच्या दिवशी हातांना इतका घाम, की लिहून आणलेला कागद लगदा झाला.

सात विषय झाले. अध्यक्ष म्हणाले, "ऐनवेळचे काही?" मी उभी राहिले, आणि लाईन गेली.

कूलर थांबले. दोन मिनिटांत ती खोली भट्टी झाली. कोणीतरी म्हणालं, "चला बापा, अकोटचं लग्न गाठा लागन." अध्यक्षांच्या साडूच्या घरचं लग्न होतं, पंगत वाट पाहत होती. खुर्च्या सरकल्या, बूट वाजले, खाली गाड्या सुरू झाल्या. मी उभीच. कोणी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मुख्याधिकारीही घाम पुसत आपल्या खोलीकडे गेले. सभागृहात उरलो तिघं. मी, चाचा, आणि देविदासबापू. बापू आमचे सगळ्यांत जुने सदस्य. ते राहिले ते निष्ठेनं नव्हे. ते पाचव्या विषयापासून गाढ झोपले होते, आणि त्यांना उठवायचं कोणाच्या ध्यानात आलं नाही.

मला रडू आलं. लपवत नाही. मी कागदाचा लगदा पर्समध्ये कोंबला आणि खाली बसायला लागले.

"बसता काहून?" चाचा स्टुलावरून म्हणाले. "बोला, ताई."

"कोणासमोर बोलू? भिताडासमोर?"

"सभा चालू हाये ना. अध्यक्षानं 'सभा संपली' असं म्हनलं नाई. मी आयकून राह्यलो होतो. ऐनवेळचे विषय इचारले, तुमी उभ्या राह्यल्या, मंग लाईन गेली. लाईन गेल्यानं सभा जात नाई." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "बोला. मी लिहून राह्यलो."

मी बोलले. रिकाम्या खुर्च्यांना बोलले. खिडकीतून झाडांचा आवाज येत होता, कडुनिंबाची फुलं उडून आत येत होती, टेबलांवर, पाट्यांवर पडत होती. सगळी खोली पाण्याखाली असल्यासारखी. माझा आवाज मला दुसऱ्याच बाईचा वाटत होता. "ह्या बाया अठून उठल्या तं गावानं कोनाच्या हातची भाजी खायाची? सावलीचा का गाळा बांधता येते का? कोनी लावले हे झाडं? नगर परिषदेनं लावले? ह्याइच्या सासवाइनं पानी घातलं!" मी किती वेळ बोलले कोण जाणे. थांबले आणि पदरानं तोंड पुसलं.

आणि देविदासबापूंची मान झोपेत पुढं पडली, परत वर आली, परत पडली.

"अनुमोदन आलं," चाचा म्हणाले, आणि लिहिलं.

मी म्हटलं, "चाचा, ते झोपेत हायेत!"

"झोपेत हायेत का कशात, मी डाक्टर हाये का? मान हलली. मान हलली ते मी लिहिलं." मग त्यांनी मान वर करून रिकाम्या सभागृहाला मोठ्यानं विचारलं, "कोनाचा विरोध?" आणि पूर्ण अर्धा मिनिट थांबले. माठाखाली पाणी ठिबकत होतं. "नाई कोनाचा," म्हणाले, आणि तेही लिहिलं. खाली कोरी राहिलेल्या जागेवर तिरपी रेघ ओढली. 'सभा संपली' हे दोन शब्द मात्र त्यांनी लिहिले नाहीत. कारण ते कोणी म्हणालंच नव्हतं.

पुढची सभा नवतपात, मे सरतानाच्या त्या नऊ भाजक्या दिवसांत आली. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. चाचा नेहमीच्या चालीत वाचत गेले. सात विषय गेले. हनुवट्या पडल्या, अंगठी गालात रुतली. मग तोच आवाज, ना कमी ना जास्त: "ऐनवेळचा विषय. सूचक सौ. शालिनीताई यांनी असे मत मांडले की, सदर वृक्षांच्या सावलीस पर्यायी बांधकाम संभवत नाही... अनुमोदक श्री. देविदासबापू यांनी मान हलवून संमती दर्शविली. सभागृहातून विरोध झाला नाही. सबब, सदर जागा भाजी व फुले विक्रेत्या महिलांसाठी राखून ठेवण्यात येत आहे." माझी छाती अशी धडधडत होती, वाटलं तिच्याच आवाजानं साहेब जागे होतील. नाही झाले. वाचन थांबलं तसे डोळे चोळत म्हणाले, "हं. कायम." आणि सही केली.

चाचांनी सभा उरकल्यावर बाहेर जाऊन पोत्यावर बैठक मारली आणि शेवंताबाईला सांगितलं, "आज तुमचं निंगालं." तिनं त्यांना सांबाराच्या दोन जुड्या दिल्या. ते एकच घेऊन गेले.

गाळ्यांचा विषय पुढं येत राहिला, मागं पडत राहिला. आपसात कोणाचं जमेना. आमची मुदत संपली. निवडणुका लांबल्या, त्या लांबतच गेल्या, आणि नगर परिषदेवर प्रशासक आले. सभागृहाला कुलूप. प्रशासकांचं बरं असतं, एकच माणूस, ना सूचक ना अनुमोदक, आपणच ठरवा आणि आपणच सही करा. पण चाचा दर दोन महिन्यांनी कुलूप काढत, पाट्या पुसत, माठ भरून ठेवत. मी एकदा मालमत्ता कराच्या कामानं गेले होते, दाराशी पाहिलं तर हा माणूस रिकाम्या सभागृहात अनवाणी, माझ्या नावाची पाटी रुमालानं पुसतोय. मी पदावरून उतरून वर्ष झालं होतं.

"चाचा, आता कायले?"

"धूळ बसते ना, ताई," एवढंच म्हणाले.

मग ते रिटायर झाले, आणि देविदासबापू वारले. आणि गाळे कागदावर आले. झाडांना चुन्याच्या खुणा झाल्या. शेवंताबाई माझ्या दारात येऊन बसली. आम्ही दोघी मिळून जुना ठराव काढायला लावला. त्यावर माजी अध्यक्षांनी लेखी दिलं की असा ठराव झालाच नाही, लिपिकानं नंतर घुसवला. अमरावतीहून एक अधिकारी सुनावणीला येणार ठरलं.

सुनावणीच्या दिवशी सकाळीच मी चाचांच्या घरी गेले. चाची म्हणाल्या, "आव बेटी," आणि मुळीच वेळ न घालवता चहा ठेवला. मी चाचांना म्हटलं, "एकच सांगजा. बापू जागे होते. बस. बापू आता नाहीत, कोण खोटं पाडते?"

त्यांनी ज्येष्ठमधाचा तुकडा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला. "अख्खी नोकरी मी जे झालं नाई ते लिहिलं नाई. आता जे झालं नाई ते सांगू काहून?"

"बायांच्या पोटासाठी सांगा! तुमच्या खरेपणाले का त्या चाटतीन?" मी ओरडले. चहा तसाच ठेवून निघून आले. बोलू नये ते बोलले त्यांना. आजही आठवलं की जीभ चावते.

सुनावणी सभागृहातच झाली. कूलर लावले होते, वाळा जुनाच. अधिकारी तरुण, चष्म्याचा, भला वाटला. खिडकीबाहेर बाया उभ्या. चाचा चपला काढून आत आले, आणि त्यांनी सगळं सांगितलं. लाईन गेली ते. साडूचं लग्न. रिकाम्या खुर्च्या. बापू पाचव्या विषयापासून झोपले होते ते. झोपेतच मान हलली तेही. लोक खो खो हसायला लागले. माजी अध्यक्षांनी मांडीवर थाप मारली. मी मान खाली घातली. संपलं, म्हटलं. गेली झाडं.

अधिकारी म्हणाले, "म्हणजे ठराव खोटाच की!"

"नाई साहेब. सभा चालू होती. संपली असं कोनी म्हनलं नाई. हजेरीवर सगळ्याइच्या सया. अन् पुढच्या सभेत मी हे अक्षर न् अक्षर वाचलं. अध्यक्षसाहेबानं 'कायम' म्हनलं. सई पाहा."

अधिकाऱ्यांनी सही पाहिली. माजी अध्यक्षांकडे वळले. "तुम्ही तेव्हा हरकत घेतली नाही?"

"माझं... लक्ष नव्हतं तेव्हा."

"झोपले होते, साहेब," चाचा म्हणाले. अगदी सरळ, चहाडी नाही, राग नाही. "मी लिहिलं हाये." त्यांनी पान उलटलं आणि त्याच चालीत वाचलं, "इतिवृत्ताचे वाचन चालू असताना माननीय सभागृहाने डोळे मिटून श्रवण केले." मग वहीवरून मान वर केली. "हे बी त्याच्या पुढच्या सभेत वाचलं. हे बी कायम झालं."

आता हसणं थांबलं.

"झोपेतलं 'कायम' चालत नाई म्हनान," चाचा पुढं म्हणाले, "तं मंग माही तक्रार नाई. पन तवापासून, अन् त्याच्या आधीबी, अध्यक्षसाहेबाच्या काळात जे जे कायम झालं, ते सगळं तसंच झालं हाये. ते सगळं पुन्हा वाचा लागन. मी वाचतो. मले फुरसत हाये." आणि स्टूल ओढून, वहीचं पहिलं पान उघडून त्यांनी सुरू केलं, "विषय क्रमांक एक. मागील सभेचे इतिवृत्त वाचून काऽयम करणे..."

तोच आवाज. पिवळा उजेड, कूलरची घरघर. मी शपथेवर सांगते, मागच्या रांगेत एकाची मान पडली. माजी अध्यक्ष मात्र टक्क जागे होते. आपल्या काळात काय काय कायम झालंय ते त्यांना पाठ होतं. दुसऱ्या पानालाच उठले आणि म्हणाले, "साहेब, जाऊ द्या. माझी तक्रार नाही." अधिकाऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, हसू आवरलं. ठराव कायम असल्याचं लिहून दिलं. निघताना त्यांनी चाचांना विचारलं, "बाबा, त्या सभेला शेवट दिसत नाही वहीत."

"संपलीच नाई, साहेब," चाचा म्हणाले.

मी बाहेर पळत गेले आणि भर रस्त्यात त्यांच्या पाया पडले. ते चार पावलं मागं सरले. "तोबा तोबा! असं करता का, ताई? मी तं नुसतं वाचलं."

शेवटचे दिसले ते या नव्या कौन्सिलच्या पहिल्या मोठ्या सभेला. निवडणुका अखेर झाल्या होत्या, नवी पोरं-पोरी निवडून आली होती, सभागृहात एसी. मी भाजी घ्यायला गेले तर चाचा शेवंताबाईच्या पोत्यावर, काठी मांडीवर, कान खिडकीकडे. कडुनिंब फुलला होता. टोपीवर, खांद्यावर बारीक पांढरी फुलं, आणि ते झटकतही नव्हते. आतून नव्या लिपिकाचा आवाज आला, माइकवरून, खणखणीत: "विषय एक, मागील इतिवृत्त. वाचले असे समजण्यात यावे." बाकं वाजली. कायम.

चाचांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. मला वाटलं, पडतात की काय.

"वाचलं नाई, ताई," ते म्हणाले. "समजून घेतलं." मग, खूप दुरून बोलावं तसं, "झोपले तरी चालते. पन वाचा तं लागते. अन् कोनी तरी एक जन जागं पायजे. एक पुरते."

मी म्हटलं, "मी बसत जाईन." सहज म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सांबाराची जुडी उचलली आणि काठी टेकत उन्हात निघाले. रस्त्याच्या वळणावर पांढरा शर्ट पांढऱ्या उन्हात मिसळला, आणि मग कुठला शर्ट आणि कुठलं ऊन ते मला कळेना.

महिन्याभरात ते गेले. झोपेत गेले, चाची म्हणाल्या.

आमच्याकडे कोणी गेलं की पुढच्या सभेत दुखवट्याचा ठराव येतो, सगळे दोन मिनिटं उभे राहतात. चाचांनी अख्ख्या गावाचे असे ठराव लिहिले होते. कोणाचा सुटू दिला नव्हता. मी दिलेल्या शब्दाप्रमाणे सभेला गेले, मागं बाकावर बसले. सगळे विषय पंचवीस मिनिटांत उरकले. चाचांचं नाव निघालं नाही. 'तो कर्मचारी होता, मावशी, सदस्य नव्हता,' एक पोरगी नंतर म्हणाली. तिचा दोष नाही.

मी खाली कडुनिंबांखाली आले आणि बायांना उभं राहा म्हटलं. कोणी तराजू ठेवला, कोणी मेथीची जुडी तशीच हातात धरली. दोन गिऱ्हाइकंही पिशव्या घेऊन उभी राहिली. मी वहीचा कागद आणला नव्हता, पाठही केलं नव्हतं.

"ऐनवेळचा विषय," मी म्हटलं. "शेख गफूर शेख चांद, सभा लिपिक, आपल्यातून गेले. त्याइनं जे झालं ते लिहिलं अन् जे लिहिलं ते वाचलं. हे सभा त्याइच्यासाठी दोन मिनिटं उभी हाये. सूचक, मी."

झाडांतून वारा गेला. फुलं पडत राहिली. मी डोळे मिटले नाहीत. समोर शेवंताबाई उभी होती, पदरानं तोंड दाबून. तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं आणि मान हलवली. ती टक्क जागी होती.